पानाचा ठसा घ्यावा की पान हाताने काढावं?

भांड्यावर पान आणायचं ठरलं की दोन वाटा असतात. खरं पान ओल्या मातीत दाबायचं, नाहीतर ते समोर ठेवून ब्रशने किंवा सुईने काढायचं. मी बरीच वर्षं ठशाच्या बाजूचा होतो.

ठशाला तोड नाही, हे आधीच कबूल करतो. पानाच्या मागच्या बाजूला शिरा उठावदार असतात. ती बाजू मातीवर ठेवून लाटणं फिरवलं की जी नक्षी उमटते, ती कुठल्याही हाताला जमायची नाही. बिस्कनंतर, म्हणजे पहिल्या भाजणीनंतर, आयर्न ऑक्साइड चोळून स्पंजने पुसलं की बारीकशी शीरही गडद दिसते. पान सुटत नसेल तर राहू द्यावं, भट्टीत जळून जातं. हा मोह जुनाच आहे म्हणा. चीनमध्ये सोंग काळातले जिझोऊचे कुंभार काळ्या ग्लेझच्या (काचेसारख्या लेपाच्या) वाडग्यात खरं पानच ठेवून भाजत, आणि त्याची जाळी ग्लेझमध्ये उमटून राही.

माझं घोडं अडलं ते गोल पोटाच्या भांड्यावर. मी मुख्यतः चाकावर काम करतो. सपाट स्लॅबवर पान निमूट बसतं. पण गोल पोट उभंही वळतं आणि आडवंही. पान एकाच बाजूला वळायला तयार असतं. मग कडेला चुणी पडते आणि ती चुणीसुद्धा इमानेइतबारे उमटते. पान कोमट पाण्यात भिजवलं, मधली शीर पात्याने तासली, लहान पानं घेतली. थोडा फरक पडला, नाही असं नाही. एका सुरईवर ठसा फार देखणा आला होता, फक्त देठापासून एक तिरपी रेघ गेली होती. जो कोणी ती हातात घेई, तो नेमकं तिथेच नख फिरवून विचारी, "तडा गेलाय का?" पाचव्यांदा "नाही हो, पानाची चुणी आहे" असं सांगितलं आणि ब्रश उचलला.

हाताने काढण्यातही वैताग आहेच. आठवणीतून काढलं की शिरा कंगव्याच्या दातांसारख्या समोरासमोर येतात. खऱ्या पानात त्या बऱ्याचदा मागेपुढे फुटतात. म्हणून मी पान समोर टाचून ठेवतो, अळीने खाल्लेलं मिळालं तर उत्तमच. मग देठ भांड्याच्या कानाच्या मुळाशी नेता येतो, टोक गळ्याकडे वळवता येतं, पोट फुगतं तिथे पानही रुंद करता येतं. मुख्य म्हणजे भांडं दाबावं लागत नाही. स्लिपचा, म्हणजे पातळ कालवलेल्या मातीचा, थर लेदर हार्ड (चामड्यासारखा घट्ट, पण अजून ओलसर) झाला की शिरा सुईने खरवडतो. पारदर्शक ग्लेझ पातळ दिलं तर त्या बुजत नाहीत, निदान माझ्या तरी बुजल्या नाहीत.

तुम्ही ताटल्या, टाइल्स करत असाल तर माझं ऐकू नका, ठसाच घ्या. मीही ताटल्यांवर अजून ठसाच घेतो. चाकावर बसत असाल, तर मात्र एखादं पान आधी सुक्या भांड्याच्या पोटावर नुसतं धरून बघा. कडा कुठे उचलली जाते, ते लगेच दिसेल.