छातीवर नकाशा लावावा की ढोल?

नवी जर्सी शिवायची ठरली की पहिला वाद लोगोवरून. नाशकात तर त्याचे हमखास दोन गट पडतात: एक म्हणतो जिल्ह्याचा नकाशा टाकू, दुसरा म्हणतो काहीतरी आपल्याकडचं टाकू, द्राक्षं वगैरे. आमच्या कबड्डी संघाचं दोन्ही करून झालंय, म्हणून चार शब्द.

आधी नकाशा. संगणकावर जिल्ह्याची बाह्यरेषा झकास दिसत होती. पण छातीवर लोगोला जागा मिळते जेमतेम तीन इंच. भरतकामाच्या मशिनने पेठ-सुरगाण्याकडची सगळी दातेरी किनार दोऱ्याने बुजवली आणि हातात आलं ते तपकिरी भजं. पहिल्याच सामन्यात समोरची पोरं ओरडली, ‘भजी संघ आला रे!’ मशिनवाल्याला बोल लावून उपयोग नव्हता. खरं दुखणं असं की आपल्या जिल्ह्याचा आकार कुणाच्या डोळ्यांत बसलेलाच नाही. महाराष्ट्राचा नकाशा शाळेत इतक्यांदा भरलेला असतो की अर्धवट काढला तरी ओळखू येतो. नाशिकचा पंधरा तालुक्यांचा नकाशा तिसरीच्या पुस्तकात एकदा भेटतो आणि तिथेच राहतो. त्यात सीमाही कायमच्या नसतात. ठाण्यातून 2014 मध्ये पालघर वेगळा झाला, आणि मालेगाव जिल्ह्याची मागणी तर आपल्याकडे जुनीच आहे. ती उद्या मान्य झाली की लोगो रद्दीत.

तरी नकाशा सरसकट बाद करू नका. अमेरिकेतल्या मिनेसोटा ट्विन्स या बेसबॉल संघाचं 1961चं चिन्ह बघा. मिनियापोलिस आणि सेंट पॉल ही नदीच्या दोन काठांवरची शहरं, एकमेकांशी चढाओढ असलेली. चिन्हात दोन खेळाडू नदीवरून हात मिळवतात आणि मागे अख्ख्या राज्याची आकृती. ‘संघ कुणाचा?’ या भांडणाचं उत्तर तो नकाशा देतो. तुमचा संघ खरोखर जिल्ह्याचा असेल, सुरगाण्याचा धावपटू आणि येवल्याचा गोलंदाज एकाच जर्सीत असतील, तर नकाशाला अर्थ आहे. गल्लीतल्या मंडळाने तो लावला तर मात्र हसू होतं. बास्केटबॉलमधल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सने 1970च्या दशकात कॅलिफोर्नियाचा नकाशा वापरला होता. आज त्यांच्या चिन्हात पूल आहे.

आता चिन्हं. द्राक्षाचा घड पहिला सुचतो, आणि तिथेच माझी हरकत आहे. नाशिकच्या द्राक्षांना 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मान्य. पण तासगावकरही तोच घड लावतील. शिवाय जांभळा घड आणि खाली ‘नाशिक’ म्हटलं की लोकांना वाइनची बाटली आठवते. चौदा वर्षांखालच्या पोरांच्या छातीवर ती कशाला? रामकुंड, त्र्यंबकेश्वर नकोच. घामाच्या जर्सीवर देव आला की आई ती धुवायला टाकताना कचरते. रामशेज मला मनापासून आवडतो. ठेंगणा किल्ला, पण मुघलांना वर्षानुवर्षं दाद दिली नाही. बचाव करणाऱ्या संघाला याहून चांगलं काय हवं? पण रेषेत काढला की तो कुठलाही डोंगर होतो, खाली नाव लिहावं लागतं.

राहिला ढोल. नाव आपोआप आपलं: केरळातल्या मिरवणुकांतसुद्धा तो ‘नाशिक ढोल’ म्हणूनच वाजतो. एका रंगात छापता येतो, रबरी शिक्क्यावर उठतो, मोबाइलवरच्या बोटभर चित्रातही कळतो. एकच काळजी घ्या, समोरून काढू नका. नुसतं पान, म्हणजे वाजवायची गोल बाजू, दिसलं तर ती थाळी वाटते. जरा तिरका ठेवा, बाजूच्या दोऱ्या पाच-सहाच दाखवा आणि वर वाजवायची काठी, म्हणजे एक टिपरू.

काहीही निवडलंत तरी शंभर जर्सी टाकण्याआधी एक नमुना शिवून घ्या, दोनदा धुवा आणि दहा पावलांवरून एखाद्या अनोळखी माणसाला विचारा, हे काय आहे. भज्याच्या वेळी आम्ही ते केलं नव्हतं.

सध्या आमचा ढोल पक्का आहे. फक्त खजिनदार अजून टिपरूच्या टोकाला एक द्राक्ष लटकवायचं म्हणतोय.