सपाट तळव्यांसाठी कडक इनसोल: काही महिने स्क्वॉटमध्ये वापरल्यावर

आधी निकाल. वजन आलं की पायाची कमान बसते आणि त्यामुळे गुडघा आत येतो, अशांना स्क्वॉटमध्ये (वजन घेऊन खाली बसून उठायचा व्यायाम) कडक टेकूचे इनसोल, म्हणजे बुटात घालायचे कमानीला आधार देणारे तळ, उपयोगी पडतात. कमरेचे आणि मांडीचे स्नायू कच्चे असल्याने गुडघा आत येत असेल, तर पैसे वाया.

ओल्या पायाचा अख्खा तळवा शहाबादी फरशीवर उमटला, एवढ्यावर खरेदी करू नका. टाचा उचलून चवड्यांवर उभं राहा. कमान दिसली तर पाय लवचीक आहे, इनसोल घ्यायला हरकत नाही. दिसलीच नाही किंवा घोट्याच्या आतल्या बाजूला कळ आली, तर आधी हाडांचे डॉक्टर गाठा.

स्क्वॉटमध्ये होतं असं: कमान खचते, घोटा आत कलतो, नडगी आत फिरते, आणि गुडघ्याची वाटी व आतली बाजू ताण खाते. मोबाईल मागे, टाचेच्या उंचीवर ठेवून शूटिंग करा. टाचेमागची जाड शीर खाली जाताना आत वाकलेली दिसते. इनसोल घातल्यावर तीच शीर बऱ्यापैकी सरळ राहिली, तर माप बरोबर.

बसवताना बुटातला मूळ इनसोल काढाच. त्याच्यावरच नवा टाकला तर टाच वर येते आणि पाय बुटात हलतो. जुना इनसोल वर ठेवून आखा आणि फक्त पुढून, थोडं थोडं कापा. टेकू टाचेच्या पुढे लागायला हवा. अंगठ्यामागच्या चवड्याला टोचला, तर माप मोठं आहे. पहिला आठवडा रोज तासभर नुसतं चालायचं, मग हलकं वजन.

रनिंग शूजमध्ये मात्र घालू नका. मऊ सोल दबतो आणि टेकूही त्यात बुडतो. सपाट, कडक तळाचा बूट लागतो, किंवा 15 ते 20 मिमी उंच टाचेचा लिफ्टिंग शू. डेडलिफ्टला (जमिनीवरून वजन उचलायचा व्यायाम) पातळ तळच बरा.

एक तक्रार बऱ्याच जणांची असते: इनसोल घातल्यावर स्क्वॉटची खोली कमी झाली. दोष इनसोलचा नसतो. पोटरी आखडलेली असली की पाय कमान खचवून खाली जायची वाट काढतो, आणि टेकू तीच वाट अडवतो. अंगठा भिंतीपासून 10 सेंमीवर ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकला नाही तर आधी पोटऱ्या मोकळ्या करा. सोबत बोटं न मुडपता चवडा टाचेकडे ओढायचा व्यायाम: 5 सेकंद धरून 10 वेळा.

नाशिकच्या पावसात गंगापूर रोडवरून तेच बूट घालून जिमला गेलात, तर इनसोलवरचं कापड सुटतं आणि कुबट वास बसतो. जिमचे बूट वेगळे ठेवा. इनसोल पंख्याखाली वाळवा. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवले तर आकार बिघडतो. टेकू अंगठ्याने सहज दबायला लागला की बदला.