१४४१६ : रात्री अडीचला लागणारा नंबर, आणि फोन ठेवल्यानंतरचं काम

आधी निकाल सांगून टाकतो. जीव नकोसा झालेल्या माणसाच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या मोबाइलमध्ये एकच नंबर ठेवायचा झाला, तर तो १४४१६ ठेवावा. हा टेली-मानस या केंद्र सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. पण ती दार उघडून देणारी सेवा आहे. रोज कुणी आपल्यासोबत बसावं, किंवा घरातलं माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांचा महिनोन् महिने सांभाळ व्हावा, यासाठी तिची बांधणीच नाही. त्यासाठी वेगळी दारं वाजवावी लागतात, आणि ती कुठली हे आधीच माहीत असलेलं बरं.

नंबर लावल्यावर माणूस लगेच येत नाही, आधी यंत्राचा आवाज येतो आणि भाषा निवडायला सांगतो. इथे बरेच जण फोन ठेवून देतात. ज्याचे हात थरथरतायत त्याला ‘अमुक भाषेसाठी तमुक दाबा’ ऐकत बसायला सांगणं हा या सेवेतला सगळ्यात त्रासाचा भाग आहे. उपाय साधा: सोबत कुणी असेल तर त्याने नंबर लावावा, भाषा निवडावी, पलीकडून माणसाचा आवाज आला की मग फोन हातात द्यावा. पाच आकडी नंबर एखाद्या लँडलाइनवरून किंवा ऑफिसच्या फोनवरून लागला नाही, तर १८००-८९१-४४१६ लावा. सेवा तीच. दोन्ही नंबर ‘मानस’ अशा नावाने सेव्ह करून ठेवावेत. आकडे ऐन वेळी आठवत नाहीत.

पहिला फोन प्रशिक्षित समुपदेशक घेतात. गरज वाटली तर ते मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जोडून देतात, किंवा जिल्हा रुग्णालयाकडे, मेडिकल कॉलेजकडे पाठवतात. देशभरात अशी पन्नासहून जास्त केंद्रं आहेत. वैद्यकीय धुरा बंगळूरच्या निम्हान्सकडे, म्हणजे मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेकडे आहे. सैन्यदलातल्यांसाठी पुण्याच्या एएफएमसीत (लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात) १ डिसेंबर २०२३ पासून वेगळं केंद्र आहे. फौजी घरांना हे क्वचितच ठाऊक असतं.

आता संभाषणाबद्दल, कारण भीती तिथेच असते. चांगला समुपदेशक आडवळणाने विचारत नाही. ‘जीव संपवावा असं मनात येतंय का?’ ‘कसं, काही ठरवलंय का?’ ‘ते आत्ता हाताशी आहे का?’ ‘याआधी कधी प्रयत्न झाला होता का?’ ‘घरात आत्ता कोण आहे?’ हे प्रश्न उद्धट वाटतात, पण धोका किती जवळ आहे हे त्यांतूनच कळतं. नुसता विचार असणं आणि ठरवून, साधन जवळ ठेवून बसलेलं असणं, या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात येईल’ ही समजूत चुकीची आहे. उलट थेट विचारल्यावर माणूस हलका होतो. घरच्यांनीही हेच प्रश्न याच शब्दांत विचारावेत. ‘तू काही वेडंवाकडं तर करणार नाहीस ना?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’च येतं, कारण प्रश्नातच ते दिलेलं असतं.

बोलता येत नसेल, नुसतं रडू येत असेल, तरी चालतं. पलीकडचं माणूस थांबतं. नाव सांगितलंच पाहिजे असं नाही. मात्र धोका अगदी समोर दिसला तर पत्ता किंवा जवळच्या कुणाचा नंबर मागतात, आणि तो द्यावा. गोपनीयतेला इथे मर्यादा आहे, जीव वाचवण्यापुरती. प्रयत्न होऊन गेला असेल, माणूस शुद्धीवर नसेल, तर समुपदेशनाचा नंबर लावण्यात एक मिनिटही घालवू नका. सरळ १०८ किंवा ११२.

‘पोलीस केस होईल का?’ हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. मदतीसाठी फोन केला म्हणून केस होत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम ११५ म्हणतं, की वेगळं सिद्ध झालं नाही तर प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं, आणि तिच्यावर खटला चालवायचा नाही. जुन्या भारतीय दंड संहितेतलं कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून गेलंच. नव्या संहितेत उरलंय ते फक्त सरकारी नोकराला कामापासून अडवण्यासाठी किंवा एखादं काम करायला भाग पाडण्यासाठी केलेल्या प्रयत्नाबद्दलचं कलम. गोंधळ होतो तो वेगळ्याच कारणाने: दवाखाना ‘एमएलसी’ (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद) करतो, पोलीस जबाब घ्यायला येतात, आणि घरच्यांना वाटतं गुन्हा दाखल झाला. ती नोंद असते. या भीतीपोटी डॉक्टरांना ‘चुकून झालं’ असं खोटं सांगितलं जातं. मग मनाचा उपचार सुरूच होत नाही आणि माणूस नुसता पोट साफ करून घरी येतो.

आता दुसरं दार. पुण्यातली कनेक्टिंग ही संस्था २००५ पासून हेच काम करते. त्यांची हेल्पलाइन दुपारी १२ ते रात्री ८ (९९२२००११२२). इथे फोन घेणारे स्वयंसेवक असतात, डॉक्टर नव्हेत. त्यांची शिस्त वेगळी आहे: सल्ला द्यायचा नाही, चूक-बरोबर ठरवायचं नाही, फक्त नीट ऐकायचं. ज्यांना ‘मला उपाय सांगा’ हवं असतं त्यांची इथे निराशा होते. ‘मॅडम, मी करू काय?’ या प्रश्नावर प्रतिप्रश्न येतो. पण ज्याला घरात सगळे सल्लेच देतायत, त्याला बिनसल्ल्याचा अर्धा तास औषधासारखा लागू पडतो. टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल (९१५२९८७८२१) या दोन्हींच्या मधली आहे. फोनवर व्यावसायिक समुपदेशक असतात, पण रात्री बंद. म्हणून आमची विभागणी अशी: रात्री आणि धोक्यात १४४१६, दिवसा सलग बोलायला आयकॉल, नुसतं कुणी ऐकावं असं वाटलं तर कनेक्टिंग. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी घरांसाठी आरोग्य खात्याचा प्रेरणा प्रकल्प आहे, त्याची वाट गावच्या आशाताईंकडून जाते.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘सेव्ह करा, शेअर करा’ याद्यांवर विसंबू नका. त्यांत बंद पडलेले नंबर असतात आणि वेळा तर नसतातच. रात्री एकला बंद लागलेला फोन ‘बघ, इथेही कुणी नाही’ एवढंच सांगतो. कुठलाही नंबर पुढे पाठवण्याआधी दिवसा एकदा लावून पाहा, वर दिलेलेसुद्धा.

फोन ठेवल्यानंतर काय? इथेच गाडी अडते. समुपदेशक म्हणतात ‘जिल्हा रुग्णालयात दाखवा’, आणि माणूस सोमवारी जातो तेव्हा मानसोपचाराची ओपीडी गुरुवारी असते. तालुक्याच्या ठिकाणी तर बऱ्याचदा डॉक्टर ठरावीक वारीच येतात. म्हणून फोनवरच विचारून घ्या: कुठली खोली, कुठला वार, किती वाजेपर्यंत केसपेपर निघतो. महाराष्ट्र सरकारच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि उपचार फुकट आहेत. मेडिकल कॉलेज आणि महापालिकांच्या दवाखान्यांना मात्र हे लागू नाही. गोळ्या सुरू झाल्या तर परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे जातात. ‘आठ दिवसांत काहीच फरक नाही’ म्हणून त्या सोडल्या जातात. दुसरं, महिन्याच्या गोळ्या एकदम पेशंटच्या हातात देऊ नयेत. आठवड्याच्या घ्याव्यात आणि घरातल्या कुणीतरी स्वतःकडे ठेवाव्यात. शेतीचं औषध घरात नको, कुलपात हवं, किल्ली दुसऱ्याकडे. टोकाची उर्मी पुष्कळदा थोड्या वेळाची असते. साधन आणि माणूस यांच्यात तेवढा वेळ उभा करणं, हे घराला जमण्यासारखं सगळ्यात मोठं काम आहे.

समुपदेशकाकडून एक गोष्ट मागून घ्यावी: सुरक्षा आराखडा. एका पानावर सहा गोष्टी. वाईट वेळ येतेय हे कशावरून ओळखतो. एकट्याने काय केलं की थोडं सुटतं. कुठे गेलं, कुणात बसलं की बरं वाटतं. मनातलं कुणाला सांगता येईल. कुठल्या डॉक्टरचा, हेल्पलाइनचा नंबर. घरातलं काय काय दूर ठेवायचं. पान भरताना चूक होते ती मोघमपणाची. ‘मित्राला फोन’ हे काही उत्तर झालं नाही. कुठला मित्र, तो रात्री उचलतो का, नाही उचलला तर दुसरा कोण? ‘फिरायला जाणं’ हेही नाही. ‘चौकातल्या टपरीपर्यंत, चपला घालून’ असं हवं.

मुलं परदेशात असलेल्या आईवडिलांसाठी एवढंच: १४४१६ तिकडून चालत नाही आणि तिकडच्या हेल्पलाइनचे नंबर इथून चालत नाहीत. अमेरिकेतल्या मुलाला ९८८ माहीत असू द्या (तिथे दुभाष्या मागता येतो), ब्रिटनमधल्याला ११६ १२३. मुलगा फोन उचलत नाही आणि धास्ती वाटतेय, तर त्याच्या गावच्या पोलिसांचा किंवा विद्यापीठाचा पूर्ण, देशाच्या कोडसकट नंबर आज लिहून ठेवा.

गोव्यात कूज ही संस्था या कामात जुनी आहे आणि बांबोळीला मानसोपचार संस्थेचं सरकारी रुग्णालय आहे.

राहिला सगळ्यात दुर्लक्षित भाग. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जण आत्महत्येने गेले, त्यांतले २२,७४६ महाराष्ट्रातले. एवढ्या दारांशी सांत्वनाला माणसं आली, आणि ओसरीवर बसून विचारलं, ‘पण का केलं?’ तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं. चौदाव्या दिवशी भांडी परत जातात, सोबतीला राहिलेली मावशी गावी जाते, आणि प्रश्न एकटे उरतात. आधाराची खरी गरज तिथून पुढे लागते. सेवा मात्र जवळजवळ सगळ्या ‘वाचवण्या’च्या बाजूला उभ्या आहेत. कनेक्टिंगचा आत्महत्येने जवळचं माणूस गमावलेल्यांसाठीचा स्वतंत्र कार्यक्रम आहे म्हणून तो उठून दिसतो. १४४१६ वरही दुःखासाठी बोलता येतं, फक्त सुरुवातीलाच ‘घरातलं माणूस आत्महत्येने गेलंय, मला त्याबद्दल बोलायचंय’ असं सांगावं, म्हणजे पहिली दहा मिनिटं चाचपण्यात जात नाहीत.

आधारगट निवडताना पाहायच्या गोष्टी: आठ-दहाच माणसं असावीत, चालवणारं माणूस प्रशिक्षित असावं, आणि ‘कसं केलं’ याचं वर्णन होऊ न देण्याचा नियम असावा. म्हातारपणाने गेलेल्यांच्या आणि आत्महत्येने गेलेल्यांच्या घरच्यांना एकाच गटात बसवलं, की दुसरे गप्प होतात. त्यांच्या दुःखात अपराधीपणा आणि राग मिसळलेला असतो, तो पहिल्यांसमोर निघत नाही. पहिल्या काही आठवड्यांत गट झेपत नाही, तेव्हा एकेकट्याने बोलणं बरं. मुलांना ‘बाबा गावाला गेले’ सांगू नका, शाळेत कुणीतरी खरं सांगतंच.

आणि कागद. अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला: प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स काढून ठेवा. शेतकरी घर असेल तर तहसीलकडे अर्ज जातो आणि जिल्हाधिकाऱ्यांची समिती पात्र-अपात्र ठरवते. मदत एक लाखाची, त्यातले ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. जमीन मयताच्या किंवा कुटुंबातल्या कुणाच्या नावावर आहे हे सातबाऱ्यावर दिसावं लागतं आणि थकीत कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं असावं लागतं. हातउसन्याचा कागदच नसतो, म्हणून बरीच प्रकरणं तिथे अडतात. आयुर्विम्यात ‘आत्महत्येला पैसे मिळत नाहीत’ हे एजंटांनीही पसरवलेलं अर्धसत्य आहे. पॉलिसीच्या पहिल्या १२ महिन्यांत मृत्यू झाला तर भरलेल्या हप्त्यांच्या किमान ८० टक्के परत मिळतात, त्यानंतर पूर्ण रक्कम. बँकेच्या पासबुकात वर्षाला ४३६ रुपये कापलेले दिसले तर ती पंतप्रधान जीवनज्योती विमा योजना, दोन लाखांची. पासबुकाची ती पानं आधी चाळा.