सहा दिवस: चोवीस तासांचे की काव्यातले?

पुण्यात संडे स्कूल घेणाऱ्या एका ताईंना पेच पडलाय. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत, देव सहा दिवसांत जग घडवतो. ते दिवस मुलांना चोवीस तासांचे म्हणून सांगायचे, की श्रद्धेचं काव्य म्हणून?

आधी मजकूर. शब्दशः वाचन सरळ वाटतं, पण उजेड पहिल्या दिवशी आणि सूर्य चौथ्या, इथे गाडी अडते. पहिल्या अध्यायात प्राणी आधी, माणूस नंतर. दुसऱ्यात नेमकं उलटं. काव्य म्हणून वाचलं की रचनाच बोलू लागते: पहिल्या तीन दिवसांत जागा तयार होतात, पुढच्या तीन दिवसांत त्या भरतात. प्राचीन बाबेलचे (बॅबिलोनचे) लोक सूर्य-चंद्राला देव मानत. इथे ते नुसते दिवे! मला हीच बाजू वजनदार वाटते.

विज्ञानाचं म्हणाल तर पर्वतीचा काळा दगडच सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. आठवीतलं पोर विचारणारच. आणि विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र कॅथलिक धर्मगुरूच होते.

मेहनत मात्र काव्यवाचनाला जास्त. 'मग येशूचे चमत्कारही काव्यच का?' याला उत्तर तयार हवं. शब्दशः शिकवायला चित्रांचा तक्ता पुरतो. विसाव्याचा सातवा दिवस आणि देवाच्या प्रतिमेतला माणूस दोन्हीकडे शाबूत.

चिमुरड्यांना गोष्ट जशीच्या तशी सांगा, तासांचा विषयच काढू नका. विज्ञान शिकणाऱ्या मोठ्यांना काव्याची वाट द्या. घरचे शब्दशः मानणारे असतील, तर आधी त्यांच्याशी बोला, मग वर्ग घ्या.