नागपूरच्या धरमपेठेतलं नव्या धाटणीचं सावजी रेस्टॉरंट : काही महिने जेवल्यानंतर

काळ्या भिंती, पिवळे दिवे, जाडजूड ताटल्या हे धरमपेठेत आता सगळीकडेच दिसतं. इथं पुन्हा पुन्हा जावं ते पाटवडी रश्शासाठी, आणि तेही मंगळवार ते गुरुवार, दुपारी. शनिवार-रविवारी रात्री तोच रस्सा वेगळ्याच हातचा लागतो.

कारण साधं आहे. पाटवडीत एक वाटी बेसनाला साधारण दोन वाट्या फोडणीचं पाणी जातं. घट्ट शिजलं की तेल लावलेल्या ताटात थापून, निवल्यावर वड्या पाडायच्या. वडी रश्शात पडायला हवी ती वाढतानाच. गर्दीच्या दिवशी इथं त्या आधीच सोडून ठेवतात. मग बेसन रस्सा पितं, वडीच्या कडा सुटतात आणि रस्सा पिठल्याच्या वळणावर जातो. ऑर्डर देतानाच ‘वड्या वेगळ्या आणा’ सांगा. आणून देतात.

तर्रीला, म्हणजे रश्शावरच्या तेलाच्या तवंगाला, मात्र तोड नाही. खसखस, सुकं खोबरं, दगडफूल वेगवेगळं, मंद आचेवर भाजलेलं असलं की तेल लालसर-काळपट पण स्वच्छ सुटतं. खसखस करपली किंवा दगडफूल जास्त झालं तर घास गिळल्यावर कडवट चव मागे राहते. आठवड्याच्या मधल्या वारी तसं झालेलं नाही. ‘तिखट कमी करा’ म्हणण्यात अर्थ नाही. मसाला आधीच वाटलेला असतो, त्यामुळे रस्सा नुसता पातळ होऊन येतो. त्यापेक्षा वरची तर्री चमच्यानं बाजूला काढा. मिरचीचा तिखटपणा तेलात उतरतो, तो बराचसा तिच्याबरोबर निघून जातो.

मटणाचा तुकडा मोडून बघा. आतून पांढुरका आणि अळणी असेल तर ते कुकरमध्ये वेगळं शिजवून रश्शात टाकलेलं आहे. रविवारी रात्री हे हमखास.

लांब पोळी एका वेळी एकच मागवा. उपड्या मडक्यावरून उतरली की पाच मिनिटांत खावी, नाहीतर चामट होते. गोळाभात चांगला, फक्त वरून घ्यायचं फोडणीचं तेल कडकडीत नसेल तर परत पाठवा.

संत्र्याचं चीजकेक उन्हाळ्यात नकोच. आंबिया बहाराची संत्री हिवाळ्याच्या तोंडाशी येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. मे महिन्यात नुसता अर्काचा वास येतो.

बिल नीट वाचा. 2000 रुपयांच्या जेवणावर 5 टक्के जीएसटी धरून 2100 व्हायला हवेत. इथं आधी 10 टक्के सेवा शुल्क लावतात आणि जीएसटी त्या 2200 वर घेतात, म्हणजे 2310. हे शुल्क बिलात आपोआप जोडता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्येच स्पष्ट केलं आहे, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं. काउंटरवर शांतपणे सांगितलं की काढून नवीन बिल देतात. कधी अडून बसलेच, तर ग्राहक हेल्पलाइन 1915.