जीपीएस सायकल कॉम्प्युटर फक्त नेव्हिगेशनसाठी: पावसाळा ते उन्हाळा वापरून झाल्यावर

आधीच सांगतो, हे स्पीड, हार्ट रेट, ट्रेनिंग वगैरेबद्दल नाहीये, ते सगळं स्वस्तातल्या कॉम्प्युटरमध्येपण मिळतं. मी हा घेतला तो रस्ता बघायला. नकाशावाला, बटणांचा, वीस-बावीस हजारांच्या रेंजमधला. कंपनी कुठली ते सोडा, या रेंजमधले बरेचसे असेच वागतात.

फोन का नाही हा प्रश्न सगळे विचारतात. दुपारच्या उन्हात फुल ब्राइटनेसवर फोन तापतो, बॅटरी बघता बघता उतरते, पावसाचे थेंब पडले की टच स्वतःच काहीतरी दाबत सुटतो. शिवाय गाडीच्या हादऱ्यांनी कॅमेरा बिघडू शकतो हे ॲपलने स्वतःच सांगितलंय, ते मोटरसायकलबद्दल होतं पण आपल्या रस्त्यांवर सायकल काही कमी हादरत नाही. या कॉम्प्युटरच्या स्क्रीनचं फोनच्या उलट आहे, ऊन जितकं कडक तितकी स्पष्ट दिसते. पावसाळ्यात ताम्हिणीला भरपूर भिजला, काही झालं नाही, आणि मुळशीच्या पुढे फोनला रेंज गेली तरी याला फरक पडत नाही कारण नकाशा आतच असतो.

आता मुद्द्याचं. या यंत्रात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुकानात दोन्हीला नेव्हिगेशनच म्हणतात. एक म्हणजे आपण घरी लॅपटॉपवर रूट बनवून त्यात टाकायचा आणि स्क्रीनवरच्या जाड रेघेवरून जायचं. दुसरी म्हणजे त्यालाच सांगायचं की मला अमुक ठिकाणी ने. पहिली गोष्ट झकास आहे, पैसे तिथेच वसूल होतात. दुसरी मी आता बंदच करून ठेवलीये.

कारण सांगतो. नीरेहून बारामतीकडे जाताना मुद्दाम टेस्ट म्हणून त्यालाच रस्ता काढायला लावला. त्याने मला डांबरी रस्त्यावरून उचललं आणि कालव्याच्या कडेच्या रस्त्यावर घातलं. थोडं अंतर मस्त होतं, झाडं, सावली, ट्रॅफिक शून्य, मग तिथून उजवीकडे वळवलं तो थेट उसातला पांदण रस्ता. आदल्या रात्री पाऊस झालेला, काळी माती, दहा-पंधरा मीटरमध्ये चाक आणि ब्रेकच्या मध्ये इतका चिखल बसला की चाक फिरेना, काटकीने खरवडत बसलो. एक शेतकरी मोटर चालू करायला आलेले, त्यांना विचारलं, मामा हा रस्ता पुढं बारामतीला निघतो का? म्हणाले, "निघतो की, पण सायकल डोक्यावर घ्यावी लागंल." स्क्रीनवर मात्र तोच रस्ता छान पांढऱ्या रेषेने दाखवलेला, पुढच्या वळणाचं अंतर वगैरे सगळं.

यात यंत्राला वेडं म्हणण्यात अर्थ नाही. याच्यातला नकाशा ओपनस्ट्रीटमॅपवरून घेतलेला आहे, २००४ साली सुरू झालेला तो प्रोजेक्ट, लोकांनीच भरायचा नकाशा. एखाद्याने सॅटेलाइट फोटोवरून रेघ मारली की रस्ता आहे एवढं कळतं, तिथे खडी आहे की माती हे कोणीतरी नोंदवलं तरच कळणार. मग यंत्रातलं सायकलचं प्रोफाइल, म्हणजे सायकलसाठी रस्ता निवडायची सेटिंग, मोटारींचा रस्ता टाळायचा म्हणून अशा रेघा आवडीने पकडतं. युरोपात कालव्याकाठी सायकलसाठीच रस्ते असतात, तिथे हे लॉजिक बरोबर असेल. आपल्याकडे मेन रोडला शोल्डर, म्हणजे कडेची मोकळी पट्टी, असेल तर तोच बरा.

म्हणून माझी पद्धत अशी झालीये की आदल्या रात्री लॅपटॉपवर रूट काढायचा, जिथे शंका वाटते तिथे सॅटेलाइट व्ह्यू बघायचा, हीटमॅपवर बाकीचे सायकलवाले कुठून जातात ते बघायचं आणि मगच फाइल पाठवायची. या फाइलचीपण एक गंमत आहे. साधी जीपीएक्स ट्रॅक फाइल म्हणजे नुसते बिंदू, त्यात डावीकडे वळा उजवीकडे वळा हे नसतंच, ते यंत्र स्वतःच्या नकाशावरून अंदाजाने लावतं. टीसीएक्स किंवा फिट फाइलमध्ये वळणांच्या सूचना आत घालता येतात. रूट बनवताना महत्त्वाच्या फाट्यांवर मी स्वतः सूचना टाकतो, "देवळानंतर डावीकडे" अशी देवनागरीत टाकून बघितली तर नुसते चौकोन दिसले, त्यामुळे इंग्रजी स्पेलिंगमध्ये टाकावी लागते. मराठी माणसाने मराठी मुलखात सायकल चालवायची आणि "मंदिर" वाचायला चौकोन, असो.

रिकॅल्क्युलेशन घेतल्या घेतल्या बंद करा. चहाला म्हणून रूटवरून जरा बाजूला गेलात की ते नवीन रूट काढायला बसतं आणि तुम्ही रात्री जागून काढलेला रूट गायब. बंद केलं की फक्त "रूट सोडला" एवढी टूं वाजते आणि रेघ जागेवर राहते, परत त्यावर यायचं.

रिव्हर्स कोर्स नावाचा ऑप्शन पण जपून. वाईचा रूट करून परतीला तोच उलटा वापरावा असं वाटतं, पण आम्ही गेलो तेव्हा खंबाटकीला पुण्याहून जाताना घाट आणि येताना बोगदा असा वन-वे होता. यंत्राला ते कुठून कळणार, रेघ उलटी केली की ते तुम्हाला घाटातून उलट्या बाजूने ट्रकांच्या अंगावर उतरवणार. परतीचा रूट वेगळाच बनवायचा. बोगद्यात सॅटेलाइट जातात, पण चाकाला स्पीड सेन्सर लावलेला असेल तर किलोमीटर मोजणं थांबत नाही, हजार-दोन हजारांचा सेन्सर आहे, घ्याच.

पुणे शहरात मात्र चांदणी चौक म्हणजे डोक्याला शॉट. २०२२ मध्ये जुना पूल पाडला, २०२३ मध्ये नवीन रॅम्प सुरू झाले, आणि माझ्या यंत्रात आलेला नकाशा त्याच्या आधीचा. नकाशा अपडेट केल्यावरही ते वर आहे का खाली हे यंत्राला कळत नाही, दोन रॅम्प एकावर एक असले की बाण इकडून तिकडे उड्या मारतो. तिथे सरळ पाट्या बघा. महाराष्ट्राचा ताजा नकाशा लॅपटॉपला केबल लावून टाकावा लागतो, वायफायवरून करायला गेलं की रात्र जाते.

घाटांसाठीचं चढाचं पान मात्र मला भयंकर आवडलं. वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटात किती चढ उरलाय, पुढचा तुकडा किती टक्के आहे हे रंगात दिसतं. वाई साधारण ७०० मीटरवर, पाचगणी १३०० च्या आसपास, म्हणजे सहाशेच्या जवळपास चढायचंय हे डोक्यात असतं, पण दम लागलेला असताना "अजून दोन किलोमीटर" हे समोर दिसणं वेगळंच. हे पानसुद्धा आधी रूट टाकलेला असेल तरच नीट चालतं. उंची हे यंत्र हवेच्या दाबावरून मोजतं, दर ८-९ मीटरला साधारण एक मिलिबार, त्यामुळे पावसाळी हवेत दाब बदलला की घरी परत आल्यावर आपलंच घर तीसेक मीटर वर गेलेलं दिसतं. आणि हा दाब मोजायला यंत्राखाली जे बारीक भोक असतं त्यात चिखल किंवा पाणी बसलं की चढाचे आकडे काहीही येतात. साध्या पाण्याने धुवायचं, पिन घालायची नाही.

बॅटरी, कंपनी म्हणते वीस तास, मला नकाशा आणि वळणं चालू ठेवून बारा-तेरा मिळतात. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब राइडला, साडेतेरा तासांची मुदत असते म्हणजे बघा, अगदी काठावर. नकाशाचं पान सतत उघडं न ठेवता आकड्यांचं पान ठेवलं आणि वळण आलं की आपोआप नकाशा येईल असं सेटिंग केलं तर बरीच वाचते. ३०० च्या वर जाणार असाल तर पॉवरबँक लागणारच, आणि पावसात चार्जिंगचं रबर उघडं ठेवून चालवू नका.

ब्रेव्हेला ऑर्गनायझरची फाइल येते ती तशीच्या तशी टाकायची, स्वतःची अक्कल लावायची नाही, कंट्रोल, म्हणजे वाटेतली हजेरीची जागा, चुकला तर राइड गेली. पण क्यू शीटचा, म्हणजे वळणांच्या यादीचा, कागद प्लास्टिकमध्ये घालून खिशात हवाच, यंत्र हँग झालं की रीस्टार्टला दोन-तीन मिनिटं जातात आणि ते नेमकं फाट्यावरच होतं.

घ्यावा का? रोज सिंहगड किंवा खडकवासला करत असाल तर अजिबात नको, रस्ता पाठ आहे, पैसे टायरमध्ये घाला. दर महिन्याला नवीन गावं, नवीन घाट शोधत असाल आणि आदल्या रात्री अर्धा तास लॅपटॉपवर बसायची तयारी असेल तर घ्या. सेकंडहँड मिळाला तर माउंटला अडकायचे खालचे दोन कान झिजलेत का ते आधी बघा, ते तुटले की यंत्र माउंटवर बसतच नाही, आणि नवा असो की जुना, सोबतची दोरी हँडलबारला बांधाच, खड्ड्यात उडाला की मागून येणारा ट्रक थांबत नाही.