दहा-बारा कॉम्प्युटरचं ऑफिस: जुनेच चालवायचे, रिफर्बिश्ड घ्यायचे की नवे?

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट, म्हणजे फुकट मिळणारे सुरक्षा अपडेट, संपला आणि तेव्हापासून ओळखीतल्या छोट्या ऑफिसांमधून एकच प्रश्न येतोय, आता सगळी मशीनं बदलायची का. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (मशीनमधली सुरक्षेची चिप) पाहिजे आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर पाहिजे, म्हणजे 2012-13 चा डबा कितीही नीट चालत असला तरी बाद. मी गेली बरीच वर्षं सीए, वकील, छोटे ट्रेडर यांच्या ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळतोय, आणि पर्यावरण आणि खिसा दोन्ही बघून माझं मत सरळ आहे: मशीन आठव्या जनरेशनचं किंवा पुढचं असेल तर तेच दुरुस्त करा, त्याआधीचं असेल तर रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण दुरुस्त करून परत विकलेला, लॅपटॉप घ्या, नवं फक्त जिथे खरंच जड काम आहे तिथे.

"जुनं वापरत राहा, तेच ग्रीन" असं सगळीकडे वाचायला मिळतं. पण हे बरंचसं अशा देशांमधून आलंय जिथे वीज पाणी-वाऱ्यापासून बनते. आपल्याकडे अजून मुख्यतः कोळसा जळतो, एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणून मी प्लगमधे लावायचं वॉट मीटर घेऊन एका सीए ऑफिसात दिवसभर मोजत बसलो. तिसऱ्या जनरेशनचा आय फाइव्ह टॉवर नुसतं टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) आणि ब्राउझर उघडं असताना 62 वॉट खात होता, मॉनिटर वेगळा. त्याच टेबलावर आठव्या जनरेशनचा लॅपटॉप लावला तर 15 वॉट. रोज 8 तास, वर्षाला 300 दिवस धरले तर एका टेबलामागे 113 युनिट वाचतात, म्हणजे जवळपास 80 किलो कार्बन, आणि त्यांच्या बिलात सगळं धरून युनिट 14 रुपयांना पडतं म्हणजे दीड हजार रुपये.

आता नवा लॅपटॉप बघा. कंपन्या स्वतःच त्यांच्या मॉडेलचे कार्बन रिपोर्ट देतात, त्यात बहुतेक लॅपटॉपचं बनवण्यातलंच उत्सर्जन 200 ते 300 किलोच्या घरात असतं, चिप, स्क्रीन, मदरबोर्ड यातच बरंचसं जातं. म्हणजे जुना टॉवर काढून नवाकोरा लॅपटॉप आणला तर ते कार्बनचं कर्ज विजेच्या बचतीतून फेडायला अडीच ते पावणेचार वर्षं जातात, आणि चौथ्या-पाचव्या वर्षी तोच बदलला तर हातात काय राहिलं? रिफर्बिश्डमधे बनवण्याचा हिशोब आधीच होऊन गेलाय, विजेची बचत मात्र पहिल्या दिवसापासून चालू. शिवाय लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, लाईट गेली तरी काम चालू, टेबलाखालचा यूपीएस निघतो आणि दर दोन-तीन वर्षांनी बदलायची ती शिशाची बॅटरीही सुटते. आपल्याकडे हा फायदा लहान नाही.

पण रिफर्बिश्ड घेताना डोळे उघडे ठेवा. एका ऑफिससाठी मी सहा नग एकदम घेतले होते, बाहेरून अगदी चकाचक, आणि दोन महिन्यात दोघांचे ट्रॅकपॅड वर उचलल्यासारखे झाले, क्लिकच होईना. खालचं कव्हर उघडलं तर बॅटरी उशीसारखी फुगलेली. विकणारा म्हणाला बॅटरी वॉरंटीत येत नाही. तेव्हापासून पैसे देण्याआधी तिथेच बसून बॅटरी रिपोर्ट काढतो, मूळ क्षमतेच्या 70 टक्क्यांच्या खाली असेल तर नवीन बॅटरी घालून मागतो, एसएसडीची (हार्ड डिस्कऐवजी येणारी वेगवान डिस्क) हेल्थ बघतो, बिजागरं हलवून बघतो, आणि निदान सहा महिन्यांची लेखी वॉरंटी जीएसटी बिलावरच लिहून घेतो.

आठव्या जनरेशनचं मशीन आधीच असेल तर हे काहीच करायला नको. हार्ड डिस्क काढून एसएसडी, रॅम 4 असेल तर 8, पंख्यातली धूळ साफ आणि प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदला, त्यावर विंडोज 11. लोक "स्लो झालाय, फेकू या" म्हणतात त्यातले निम्मे तरी एवढ्याने उभे राहतात. टॅली क्लिक केल्यावर चहा पिऊन यावा लागायचा ते मशीन चार सेकंदात उघडलेलं बघितलं की ऑफिसवाल्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

जुन्यावरच राहून पैसे भरून अपडेट घ्यायची सोय आहे, बिझनेसला पहिल्या वर्षी मशीनमागे 61 डॉलर, दुसऱ्या वर्षी दुप्पट, तिसऱ्या वर्षी त्याच्याही दुप्पट. एखाद्या मशीनला एक वर्ष काढायचं असेल तर ठीक, पुढे नाही परवडत. लिनक्स म्हणाल तर नुसतं ईमेल, ब्राउझर, युनिकोड मराठी टायपिंग असलेल्या टेबलावर मस्त चालतं. टॅली, श्रीलिपी (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) किंवा डीएससी टोकनचं (डिजिटल सहीचा यूएसबी) रोजचं काम असेल तिथे उगाच स्टाफला त्रास देऊ नका.

आणि कोपऱ्यातला तो "सर्व्हर" विसरू नका. जुना टॉवर रात्रंदिवस 100 वॉट खात बसला तर वर्षाला 876 युनिट, रविवार आणि दिवाळीची सुट्टी धरून. टेबलावरचे सगळे कॉम्प्युटर बदलण्याआधी हा एक बदलून छोटा मिनी पीसी लावा.

नवं कुठे घ्यायचं? ऑटोकॅड, व्हिडिओ एडिटिंग, मोठा डेटा. तिथे घ्या, पण रॅम आणि एसएसडी नंतर बदलता येईल असं मॉडेल घ्या, बोर्डवर सगळं सोल्डर केलेलं नको.

काढलेल्या मशीनचं काय, हे खरेदीच्या आधी ठरवा. जगात 2022 मधे 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला पावभागही रीतसर रिसायकल झाल्याची नोंद नाही. बाकीच्यातलं कितीतरी असं होतं की तांब्यासाठी वायरी जाळतात, बोर्ड ॲसिडमधे बुडवतात, आणि तो धूर तिथे काम करणारी माणसं आणि त्यांची पोरं श्वासात घेतात. भंगारवाला डब्याला दोनशे-तीनशे जास्त देईल, तरी देऊ नका. सीपीसीबीच्या (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ) पोर्टलवर नोंदणी असलेला रिसायकलर बघा, तुमचं ऑफिस छोटं असलं तरी दोन-तीन ऑफिसांचा माल एकत्र केला की ते गाडी पाठवतात. देण्याआधी डिस्क नीट पुसा, पुसता येत नसेल तर ड्रिल मारा, क्लायंटचे पॅन-आधार असतात त्यात, आणि पावतीवर प्रत्येक मशीनचा सिरीयल नंबर लिहून घ्या.